डब्यांचं रिकामं वजन

रोज संध्याकाळी साडेसहा वाजता, गॅस पेटवायच्या आधी, ताई ओट्यावर जुनं वर्तमानपत्र अंथरायची, त्यावर काटा ठेवायची आणि स्वयंपाकघरातले अकरा डबे एकामागून एक तोलायची. प्रत्येक डब्याच्या बुडाला लाल ऑइलपेंटने एक आकडा लिहिलेला होता. ते त्या डब्याचं रिकामं वजन. भरल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की उरतो तो माल. कालच्या मालातून आजचा माल वजा केला की उरतं ते दोन बहिणींचं एका दिवसाचं जेवण. तो आकडा वहीत उतरवून, रेघ मारून, वही फडताळात ठेवली की ताई म्हणायची, "हं. लाव आता भात." तोवर धाकटीने तांदळाला हात लावायचा नसे.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटायचं. ताईला न तोलता स्वयंपाक करणारी माणसं विचित्र वाटायची. एकतीस वर्षं ती भुईकाट्यावर कारकून होती. गोदामांच्या रांगेच्या तोंडाशी जमिनीत बसवलेला लोखंडी काटा, आणि शेजारी पत्र्याची केबिन. मालाची गाडी आधी रिकामी काट्यावर चढायची, मग भरून चढायची. दोन वजनांतला फरक ताई तीन रंगांच्या चिठ्ठ्यांवर लिहून खिडकीतून बाहेर द्यायची. या दोन वजनांच्या मध्ये माणसं काय काय करतात ते तिने पाहिलं होतं. पाण्याची पिंपं, जादा चाकं, सीटखाली दगड. एकदा एका ड्रायव्हरने रिकामी गाडी तोलताना मागे बकरी बांधून ठेवली होती. गाडी भरून परत आली तेव्हा बकरी नव्हती. म्हणजे बकरीएवढी साखर फुकटात गेटाबाहेर.

"बकरी कुठंय?" ताईने खिडकीतून विचारलं होतं.

"कुठली बकरी?"

"सकाळी होती ती. आणा, आणि परत चढवा."

ड्रायव्हर दीड तास बकरी शोधत हिंडला. मागे सोळा गाड्यांची रांग लागली. ताईने तेवढ्यात डबा खाऊन घेतला.

ड्रायव्हर लोक तिला काटेताई म्हणत. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं, तर तिने त्याऐवजी दहा किलोपर्यंत तोलणारा काटा मागून घेतला. घड्याळ साहेबांनी स्वतःच्या घरी नेलं.

धाकटी तिच्याहून सात वर्षांनी लहान. दोघींची लग्नं झाली नव्हती आणि त्यामागे कुठली मोठी कहाणी नव्हती. आधी वडिलांचं आजारपण होतं, मग भावाचं बस्तान बसवायचं होतं, मग वय झालं होतं. भाऊ पुढे वारला. त्याचा मुलगा तेवढा येऊन-जाऊन असे. घर तीन खोल्यांचं. रस्त्याकडची पुढची खोली, मधे स्वयंपाकघर, मागे एक खोली. मागच्या खोलीत दोघी झोपायच्या. त्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीपासून हातभर अंतरावर उघडायची. तिथे भर दुपारीसुद्धा सुई ओवता येत नसे.

पुढची खोली धाकटीची. म्हणजे कागदोपत्री तसं काही नव्हतं, पण शिलाई मशीन तिथे होतं. कापायचं टेबल होतं, खुंटीवर लोकांच्या पँटी होत्या, आणि सकाळी आठपासून चारपर्यंत खिडकीतून सरळ सुईवर पडणारा उजेड होता. धाकटी नवीन कपडे शिवत नसे. ती कपडे पुरते करायची. वाढलेल्या मुलांचे कपडे लांब करायची, खंगलेल्या म्हाताऱ्यांचे कपडे आत घ्यायची, बिघडलेल्या चेनी बदलायची. गिऱ्हाईक रस्त्यावरून सरळ आत यायचं, स्टुलावर बसायचं आणि पँट लहान करायला आलेलं असलं तरी सुनेपासून सुरुवात करायचं. धाकटीच्या तोंडात टाचण्या असायच्या. त्यामुळे तिच्याकडे मन मोकळं करायला लोकांना बरं वाटे. शिवणाच्या पैशात वीज, दूध आणि तिची स्वतःची औषधं भागत. किराणा हा ताईचा प्रांत. तो ताईच्या पेन्शनमधून, एका खाकी पाकिटातून व्हायचा.

त्या वर्षी भाव चढले. भाव पूर्वीही चढायचे, पण जिना चढावा तसे, मधे दम खाऊन. या वेळी ते दम खाईनात. आधी तेल गेलं, मग डाळ, मग तेलाला वाटलं आपण मागे पडलो, म्हणून ते पुन्हा गेलं. कोपऱ्यावरचा दुकानदार फळ्यावर भाव लिहायचा. त्याने लिहिणं बंद केलं.

"खडू संपला का?" ताईने विचारलं.

"खडूपण महाग झालाय, ताई."

"मग तोंडाने सांगा."

त्याने तोंडाने सांगितलं. ताईने पिशवीतून एक पुडा काढून परत काउंटरवर ठेवला.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुतण्या यायचा. तो विमा कंपनीत होता, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत पुढे काय वाईट होणार ते त्याला आधी दिसायचं. त्या रविवारी तो स्वयंपाकघरात ताईसमोर बसला आणि म्हणाला, "मोठी आत्या, पेन्शन तेवढीच राहणार. भाव काही तेवढेच राहणार नाहीत."

"मग?"

"पुढची खोली भाड्याने दे. एखादी एकटी नोकरदार बाई बघ. रस्त्याला लागून खोली आहे, उद्या माणूस मिळेल."

"मशीन आहे तिथे."

"मशीन मागच्या खोलीत न्यायचं. चाकं आहेत त्याला."

पुढच्या खोलीत धाकटीचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला.

"तीन महिने बघते," ताई म्हणाली. "किराणा पाकिटात बसला तर विषय संपला. नाही बसला तर तू बोर्ड रंगवून आण."

"अगं, पण तीन महिने कशाला..."

"तीन महिने म्हटलं ना. चहा घे. साखर कमी आहे, ढवळू नकोस जास्त."

मशीनला चाकं होती हे खरं. खिडकीला नव्हती. धाकटीने हातातली शिवण पुरी केली. आत जाऊन एक वाक्य बोलली असती तर कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं. पण त्या घरात पाकीट ताईचं होतं, आणि ज्याचं पाकीट त्याच्यापुढे आपली खिडकी मागायला धाकटीची जीभ रेटेना. शिवाय ताईने एकदा शब्द दिला की तो तीन रंगांच्या चिठ्ठीवर लिहिल्यासारखा असे. ताई स्वतःसुद्धा त्यात खाडाखोड करत नसे.

दुसऱ्या दिवसापासून ताईने प्रमाण बांधलं आणि शिजवणाऱ्या धाकटीला वाट्यांवर खुणा करून दिल्या, त्याहून जास्त घ्यायचं नाही. माणशी एका वेळेला तांदूळ साठ ग्रॅम. डाळ पंचवीस. चहाची पूड चार. तेलासाठी तिने औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण धुऊन घेतलं. बिस्किटंसुद्धा तोलली. तेव्हा एका पुड्यातली बिस्किटं सारखी नसतात, दोन-दोन ग्रॅमचा फरक असतो, हे तिच्या ध्यानात आलं. जड बिस्किट कुणाच्या बशीत जाणार याचा तिने विचार केला नाही. ते धाकटीच्या बशीत जायचं. धाकटीला वाटायचं, आपल्याला कोणतंही मिळतं.

"ताई, साठ म्हणजे शिजून किती होतो?"

"खाऊन बघ."

"खाल्ला. आता काय खाऊ?"

"पाणी पी. त्याला पाकीट लागत नाही."

एवढा पोटाला चिमटा काढूनही हिशोब जमेना. धाकटी वही चोरून वाचायची. वही सांगत होती की डाळ चोवीस तारखेला संपणार आणि तांदूळ सत्तावीसला. पाकीट तर एक तारखेलाच रिकामं झालं होतं. म्हणजे चोवीस तारखेला ताई दुसऱ्या पाकिटाला हात घालणार, आणि मग पुतण्या बोर्ड रंगवणार. पुतण्याचं अक्षर चांगलं होतं. त्याने बोर्ड मन लावून रंगवला असता.

एकोणीस तारखेला धाकटी धागे आणायला म्हणून बाहेर पडली आणि दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात गेली. कोपऱ्यावरच्या दुकानात जायची सोय नव्हती. तिथल्या माणसाच्या पोटात काही राहत नसे. तिने अर्धा किलो डाळ आणि एक किलो तांदूळ घेतला, आणि चिंध्यांच्या पिशवीत तळाशी घालून आणला. ताई दुपारी दोन ते तीन झोपायची. ती झोपेतही वेळ पाळायची. सव्वादोनला धाकटी अनवाणी स्वयंपाकघरात गेली, डाळीच्या डब्यात एक मूठ टाकली, तांदळाच्या डब्यात दोन टाकल्या आणि झाकणं लावली. कितीने किती होईल याचा तिला काही अंदाज नव्हता. तिच्या हाताला वीत कळायची, बोट कळायचं. ग्रॅम कळत नव्हते.

संध्याकाळी ताईने डबे तोलले. वहीकडे पाहिलं. परत तोलले.

"आज डाळ कमी लागली."

"हो का?"

"बारा ग्रॅम. दोघींत."

"मला तरी पुरली बाई," धाकटी म्हणाली.

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. मग एकतीस वर्षं जिने माणसापेक्षा काट्यावर जास्त विश्वास ठेवला त्या बाईसारखी ती म्हणाली, "आपण आजवर जास्तच खात होतो."

चोवीस तारीख आली आणि गेली. डाळ संपली नाही. महिना संपला तरी डब्यात तीन दिवसांचा माल शिल्लक होता, कारण धाकटीच्या मुठी भीतीने मोठ्या व्हायच्या. ताई वरवर शांत होती, पण पहिल्या रविवारी तिने पुतण्यासमोर वही उघडी ठेवली आणि स्वतः उगाच पाण्याचा पेला विसळत बसली.

"बारा ग्रॅम डाळ?" पुतण्या म्हणाला. "आत्या, बारा ग्रॅमवर चिमणी जगेल."

"आम्ही जगलो."

त्याने वळून धाकटीकडे पाहिलं. धाकटीचा चेहरा भरलेला, तजेलदार दिसत होता. दुपारी सव्वादोनला ती स्वतःच्या तोंडातही काहीबाही टाकू लागली होती. "बरी दिसतेस," तो बुचकळ्यात पडून म्हणाला. वहीतल्या आकड्यांवर विश्वास ठेवणं त्यालाही भाग पडलं. त्याच्या कंपनीत आकड्यांवर संशय घ्यायला वेगळा विभाग होता.

आता खरी पंचाईत झाली. शिल्लक माल पाहून ताईने दुसऱ्या महिन्याचं पाकीट हलकं केलं. पाकीट हलकं, म्हणून माल कमी. माल कमी, म्हणून धाकटीला जास्त मुठी टाकायला लागणार. तिने शिवणाचं काम वाढवलं. एका शाळेचे बावीस गणवेश उंच करायला घेतले. औषधाची एक बाटली दोन महिने चालवली. पलीकडच्या दुकानातला माणूस आता तिला ओळखू लागला होता.

"काकू, पाहुणे आलेत का घरी?"

"पाहुणेच म्हणायचे."

"किती दिवस राहणार?"

"अजून दीड महिना."

"तेल तीनने वाढलंय बरं का. काल सांगितलं ते कालचं."

घरात भाववाढ आहे हे फक्त धाकटीला माहीत होतं. ताईच्या वहीत स्वस्ताई नांदत होती.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती, तर दोघींपुरतीच राहिली असती. पण ताईला आपलं प्रमाण लोकांच्या कामी यावं असं वाटू लागलं. वरच्या मजल्यावरच्या बाई महागाईने रडकुंडीला आल्या होत्या. घरात त्या, नवरा आणि दोन मोठे मुलगे. ताईने त्यांना बसवून वहीतल्या आकड्यांवरून कागदावर सगळं लिहून दिलं. माणशी तांदूळ किती, डाळ किती, तेलाची झाकणं किती. खाली तारीख घातली.

चौथ्या दिवशी बाई खाली आल्या.

"मोठा मुलगा मावशीकडे जेवायला जातो, ताई. म्हणतो, अभ्यास आहे. अठ्ठावीस वर्षांचा आहे तो, कसला अभ्यास?"

"आणि मालक?"

"ते बोलत नाहीत. म्हणजे रागावले नाहीत. त्यांच्यात तेवढी ताकदच दिसत नाही."

"सवय होईल. आम्हालाही आधी जड गेलं."

"तुमची बहीण बघा की कशी छान दिसते," बाई हेव्याने म्हणाल्या.

धाकटीने पुढच्या खोलीत मशीनचं चाक उगाच जोरात फिरवलं. त्या रात्रीचा भात तिला गेला नाही. आपल्या मुठींपायी वर एक आख्खं कुटुंब पोटाला फडकं बांधून बसलंय, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. वर जाऊन खरं सांगावं, तर खोली जाते. न सांगावं, तर वरच्यांचा मालक जातो. तिने मधला मार्ग काढला. एक किलो तांदूळ जास्तीचा आणून वरच्या दाराशी ठेवला आणि घंटी वाजवून जिन्यावरून पळाली. साठ ओलांडल्यावर जिन्यावरून पळणं तिला जमलं, याचं तिला नंतर जरा बरं वाटलं.

तिसरा महिना अर्धा सरला. चौदा दिवस उरले होते. त्या दुपारी धाकटी तांदळाच्या डब्यापाशी उभी असताना मागच्या खोलीतून ताई खोकली. पाठोपाठ खाट करकरली. धाकटीने मूठ-बीठ न करता पिशवी सरळ डब्यात उपडी केली, झाकण दाबलं आणि मशीनवर येऊन बसली. सुईत दोरा नव्हता. ती तशीच शिवत राहिली.

संध्याकाळी साडेसहाला वर्तमानपत्र अंथरलं गेलं. धाकटी दारात उभी होती, तोंडात टाचण्या तशाच. पाचवा डबा तांदळाचा. ताईने तो काट्यावर ठेवला, आकडा लिहायला पेन्सिल टेकवली आणि उचलली. डबा उतरवून परत ठेवला. मग ओट्याची एक बाजू खचली आहे का हे वाकून पाहिलं. मग काट्याखालचं वर्तमानपत्र बदललं.

आदल्या दिवसापेक्षा तांदूळ पावणेदोनशे ग्रॅमने वाढला होता. मधल्या वेळात दोघी दोनदा जेवल्या होत्या.

रेघ न मारताच ताईने वही मिटली. "हं," एवढंच म्हणाली. भात लाव म्हणाली नाही. धाकटीने तो आपणहून लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई काटा पंचात गुंडाळून, लेकरासारखा काखेत घेऊन वजनमापांच्या ऑफिसात गेली. तिला काटा चुकलेला हवा होता. रांगेत तिच्या पुढे दोन भाजीवाले आणि एक भंगारवाला होता. ते तिघे मोठे काटे घेऊन आले होते. तिघांना आपले काटे बरोबर ठरायला हवे होते. निरीक्षक जुन्या ओळखीचा निघाला. त्याने ताईच्या काट्यावर पितळी वजनं एकेक करून ठेवली, चष्मा वर केला, उतरवला.

"ताई, काटा अगदी चोख आहे. एक ग्रॅमचा फरक नाही."

"परत बघा."

"तीनदा बघितला. काटा बरोबर आहे. माल बघा."

घरी आल्यावर ताईने माल पाहिला. डाळीचा डबा तिने परातीत ओतला आणि चष्मा पुसून निवडायला बसली. कोपऱ्यावरच्या दुकानातली डाळ ठसठशीत आणि जरा फिकट होती. परातीत दुसरीही एक डाळ होती. बारीक, गडद, कडेला तुटलेली. ताई दीड तास निवडत होती. धाकटी दुपारी चहा करायला आली तेव्हा परातीत दोन ढीग होते. दुसरा मोठा होता.

"ही आपली," ताईने एका ढिगाला बोट लावलं. "ही कुणाची?"

धाकटीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि पदराला टोचल्या. पाच होत्या.

"तीही आपलीच."

"कितीने घेतलीस?"

धाकटीने सांगितलं.

"आठने फसवलं तुला. आणि वर तुटकी." ताईने त्या ढिगातला एक दाणा उचलून उजेडाकडे धरला. "कधीपासून?"

"पहिल्या महिन्याच्या एकोणीसपासून."

"तांदूळ पण?"

"तांदूळ पण. तेल पण. साखर एवढी नाही."

"आणि मी वरच्या बाईंना लिहून दिलं," ताई म्हणाली. तिने परात थोडी पुढे सरकवली. बराच वेळ बाहेर रस्त्यावर कुणीतरी गॅरेजचं शटर ओढत होतं, ते अडकत होतं, परत ओढत होतं. "का पण?"

"खोली," धाकटी म्हणाली.

"कुठली?"

"पुढची. मागे मला दिसत नाही, ताई. दोरासुद्धा दिसत नाही. मी तिथे नुसती बसून राहीन."

"तूच तर म्हणायचीस, गाड्यांचा आवाज फार येतो. मला वाटलं, तुला त्या खोलीचा वीट आलाय."

"आवाज येतो म्हणायचे. नको कुठे म्हणत होते?"

ताईने यावर विचार केला. भुईकाट्यावर असं काही व्हायचं नाही. तिथे गाडीला काय हवंय हे विचारायची वेळ येत नसे. "सांगायचं मला," ती म्हणाली.

"तू विचारायचंस."

"विचारायला हवं होतं," ताई म्हणाली, आणि उठून चहाचं आधण ठेवलं. पूड तोलली नाही. चहा कडू झाला. दोघींनी तो संपवला.

त्या संध्याकाळी तिने वहीची तीन महिन्यांची पानं एकेक करून पट्टीने आडवी रेघ मारून रद्द केली. फाडलं एकही नाही. चुकलेली चिठ्ठी फाडायची नसते, रद्द लिहून जपून ठेवायची असते. तसं नियमातच होतं. मग ती वर गेली. वर किती वेळ लागला, काय बोलणं झालं, हे तिने कधी सांगितलं नाही. पण जिन्यावरून वरच्या बाईंचा आवाज खालपर्यंत आला.

"म्हणजे तुम्ही दोघी पोटभर जेवत होतात?"

"मी नाही. ती थोडी."

"आणि आमच्या ह्यांचं काय?"

"त्यांना आज दुप्पट वाढा. प्रमाण माझं चुकलं."

आपलं प्रमाण चुकलं, असं काटेताई आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली असावी. ती खाली आली तेव्हा कठड्याला धरून येत होती, आणि धाकटी दार उघडं ठेवून उभी होती.

पण शब्द तो शब्द. किराणा पाकिटात बसला नव्हता. पहिल्या रविवारी पुतण्या आला तेव्हा ताईने त्याला सगळं सांगितलं आणि बोर्ड रंगवायला घेऊन बसवलं. धाकटी पुढच्या खोलीत खुंटीवरच्या पँटी काढून घड्या घालत होती. तीन दिवस ती तेच करत होती. कापायच्या टेबलाचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. मागच्या खोलीच्या दारातून ते जात नव्हतं.

"काय लिहू?" पुतण्याने ब्रश बुडवून विचारलं.

"लिही. खोली भाड्याने देणे आहे. एकटी नोकरदार बाई. जेवणासह."

"जेवणासह?" त्याने मान वर केली. "आत्या, त्यातच तर मेलात ना तुम्ही."

"तिघींचं एकदम स्वस्त पडतं. मी काढलंय. आणि खाली लिही, मागची खोली."

"मागची?"

"मागची. उजेड नाही, तेही लिही. उगाच कुणी फसायला नको."

पुढच्या खोलीत घडी घालणारे हात थांबले.

"आणि तू कुठे झोपणार?"

"पुढच्या खोलीत. टेबल जरा सरकवलं की माझी खाट बसते. मोजलंय मी, चार बोटं उरतात. तिची गादी रात्री टेबलाखाली."

"अगं, दिवसभर मशीन चालतं तिथे. दुपारी तू झोपतेस."

"एकतीस वर्षं दहा चाकी गाड्यांशेजारी डुलक्या काढल्यात," ताई म्हणाली. "त्या मशीनला एकच चाक आहे."

पुतण्याने बोर्ड मन लावून रंगवला. अक्षर खरोखर चांगलं होतं.

पंधरा दिवसांनी पोस्टातली एक बाई राहायला आली. पार्सलं उचलणारी, रुंद खांद्यांची, खाऊन-पिऊन सुखी. उजेड नको, म्हणाली. सकाळी जाते, अंधार पडल्यावर येते, मला कशाला उजेड? पहिल्याच दिवशी तिने चार वेळा भात घेतला. ताई तिच्याकडे थक्क होऊन पाहत राहिली, एखादी गाडी काट्याच्या कमाल मर्यादेपर्यंत आल्यावर पाहावी तशी. महिन्याचं भाडं आलं, ते पाकिटात पडलं, आणि पाकीट पुरलं. फार नाही, दोन-तीन दिवस इकडेतिकडे. पुढे भाव आणखी चढले, भाडं थोडं चढलं. कधी पोस्टातल्या बाईने स्वतःच तेलाची पिशवी आणून ओट्यावर ठेवली. ठेवताना ती मोठ्याने सांगायची, "ताई, ही मी आणली, लिहून घ्या." तिला आधीची हकिकत माहीत होती. धाकटीनेच सांगितली होती.

डबे नंतरही तोलले जायचे, पण रविवारी. रोज तोलण्यात आता अर्थ नव्हता. तिसऱ्या माणसाच्या भुकेचा नेम नव्हता.

ताई त्या खिडकीशी सात वर्षं झोपली. दुपारी दोन ते तीन, भिंतीकडे तोंड करून, मागे मशीन चालू. गिऱ्हाइकं स्टुलावर बसून हळू आवाजात सुनांबद्दल बोलायची. ताई झोपली आहे असं त्यांना वाटायचं. मधेच भिंतीकडून आवाज यायचा, "सूनबाईंचं बरोबर आहे." दोन-चार गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली. बाकीची सल्ला घ्यायलाच येऊ लागली आणि पँट सोबत आणायची विसरू लागली.

ती गेली तेव्हा पंच्याहत्तर वर्षांची होती. आजारी नव्हती. आदल्या रविवारी डबे तोलले होते, आणि गेली त्या दिवशी दोन्ही वेळा नीट जेवली होती. म्हणजे सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. संध्याकाळची वेळ आली नाही. पावणेतीनला धाकटी पोस्टातल्या बाईचं जाकीट घेऊन बसली होती. त्याची चेन पार्सलात अडकून तुटली होती. उजेड सुईवर होता. ताई आडवी होती, पण त्या दिवशी तिने तोंड खोलीकडे केलं होतं. तिने डोळे किलकिले करून मशीनकडे थोडा वेळ पाहिलं.

"उलटी लावतेयस ती चेन," ती म्हणाली. "उसव."